लेझर पिस्तूल घरी नेताना : ड्राय सरावासाठी माहितीपत्रक

डबा उघडण्याआधी हे पत्रक एकदा सावकाश वाचा. घरात लहान मुलं असतील, तर ‘घरात वापरताना’ हा भाग घरच्यांनाही वाचून दाखवा. (कन्नडमधलं पत्रक काउंटरवर मागितल्यास मिळेल.)

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरला एअर पिस्तुलात दोन ब्राँझपदकं मिळाली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला रायफलमध्ये ब्राँझ. कांबळवाडी काही आपल्या बेळगावपासून लांब नाही. त्यानंतर निपाणी, चिकोडी, खानापूरकडचे आईवडील मुलांना घेऊन आमच्या नेमबाजी-साहित्याच्या दुकानात यायला लागले. त्यांची अडचण बहुतेक एकच असते : नेमबाजीची रेंज दूर, शाळा-कॉलेज रोजचं, त्यामुळे मुलाच्या हातात पिस्तूल येतं ते फक्त रविवारी. मग मधल्या सहा दिवसांचं काय करायचं, याचं उत्तर म्हणजे ड्राय सराव.

ड्राय म्हणजे छर्रा किंवा गोळी न भरता उभं राहायचं, हात उचलायचा, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. यात नवीन काही नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावातच आहे आणि भागातल्या कितीतरी घरांत एखादा तरी निवृत्त फौजी असतो. त्यांना विचारा, खरी गोळी हातात पडण्याआधी रिकाम्या रायफलीवर शिस्त धरून किती दिवस काढले, ते सांगतील. लेझरने त्यात एकच भर घातली आहे. चाप सुटला त्या क्षणी नळीचं तोंड कुठे होतं, ते एका ठिपक्याने समोर दिसतं. आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत तर २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून नेमबाजीच लेझर पिस्तुलावर होते.

तुमच्याकडचं साधन कोणतं?

दुकानातून तीन प्रकारची साधनं जातात आणि तिन्हींची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते.

पहिलं म्हणजे पूर्ण लेझर पिस्तूल. त्यातून लेझरशिवाय काहीच बाहेर पडत नाही. शाळकरी मुलांसाठी आम्ही हेच सुचवतो.

दुसरं, एअर पिस्तुलाच्या नळीवर बसणारं लेझर. मॅचच्या चांगल्या एअर पिस्तुलांमध्ये ड्रायसाठी वेगळी सोय असते, त्यात हवा बाहेर न पडता चाप अगदी खऱ्यासारखा सुटतो. तुमच्या पिस्तुलात ती आहे की नाही, हे दुकानातच दाखवून घ्या. मधोमध मोडून भरायची स्प्रिंगची एअरगन मात्र छर्र्याशिवाय कधीही उडवू नका. छर्रा नसला की पिस्टनला पुढे हवेची उशी मिळत नाही, तो थेट आपटतो आणि आतलं सील व स्प्रिंग खराब होते. अशा दोन-तीन बंदुका दर पावसाळ्यात आमच्याकडे दुरुस्तीला येतात. प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण सांगणारं कुणी असतं तर ते टळलं असतं.

तिसरं, काडतुसाच्या आकाराचं पितळी लेझर. हे परवान्याच्या खऱ्या शस्त्रात बसतं. खानापूर भागात गव्या-डुकरांपासून पीक राखण्यासाठी बारा बोरची बंदूक बाळगणारे शेतकरी ते नेतात. रिकाम्या बारा बोरचे घोडे वारंवार पाडले तर फायरिंग पिनला (काडतुसावर आपटणाऱ्या पिनला) मार बसतो. लेझर काडतुसाच्या मागचं रबर तो मार झेलतं. पॉइंट टू-टू (.२२) बोरच्या बंदूकवाल्यांनीही रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं ती जागा) चाप ओढू नये, पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

खरं शस्त्र वापरणाऱ्यांना इथे थांबून सांगायचं आहे, कारण या पत्रकातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर हाच आहे. शस्त्र उघडा, डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, आणि ‘रिकामी’ असं मोठ्याने म्हणा. काडतुसं त्या खोलीत असताच कामा नयेत. दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवा आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. निशाण लावायचं ते जाड भिंतीवर. विटांची किंवा चिऱ्यांची भिंत चालेल, प्लायवूडचं पार्टिशन किंवा दार चालणार नाही. पलीकडे कोण झोपलंय, कोण अभ्यासाला बसलंय, ते आधी बघा. मधे फोन आला, दाराची बेल वाजली, चहा आला, की परत पहिल्यापासून तपासणी. सराव संपला की ‘संपला’ म्हणा, निशाण भिंतीवरून काढा आणि शस्त्र कुलूपबंद करा. धोका असतो तो इथेच : शस्त्र पुन्हा भरून ठेवलेलं असतं, निशाण अजून भिंतीवरच असतं आणि मनात येतं, ‘आणखी एकदाच.’ निशाण भिंतीवर नसेल तर हा मोह होत नाही. खंडेनवमीला पूजेसाठी शस्त्र बाहेर काढलं असेल, पाहुणे जमले असतील, त्या दिवशी ड्राय अजिबात नको.

जागा आणि निशाण

एअर पिस्तुलाची स्पर्धा १० मीटरवर होते. निशाणाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंच असतो, काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा आणि दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा. शहापूर, वडगावच्या जुन्या लांबोळक्या घरांत पुढच्या खोलीपासून परसापर्यंत सगळी दारं उघडली की १० मीटर सहज मिळतात; फक्त त्या वेळी कुणी आडवं जाणार नाही, हे बघा. फ्लॅटमध्ये ५ मीटर मिळाले तरी पुष्कळ. निशाण त्याच प्रमाणात लहान करायचं : ५ मीटरवर काळा गोल सुमारे ३० मिलिमीटर, ३ मीटरवर सुमारे १८. पिस्तुलाच्या साइटमधून (नेम धरायच्या खुणांमधून) ते १० मीटरसारखंच दिसतं. डब्यात दोन्ही मापांची निशाणं ठेवली आहेत. उंची मात्र १.४० मीटरच ठेवा. रेंजवर बूट घालत असाल, तर घरातही तेच बूट घाला.

मोबाइलवर ठिपके मोजणारं ॲप वापरत असाल, तर खिडकीचा पडदा ओढा. याचं कारण साधं आहे. मोबाइलचा कॅमेरा बहुतेक वेळा सेकंदाला ३० चित्रं घेतो. उजेड भरपूर असला की प्रत्येक चित्रासाठी तो डोळा क्षणभरच उघडतो, आणि लेझरची चमक नेमकी दोन चित्रांच्या मधे पडून हुकते. उजेड मंद असला की डोळा जास्त वेळ उघडा राहतो, म्हणून चमक सापडते. ‘ॲप शॉट खातंय’ म्हणून पिस्तूल परत घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काम पडद्यानेच भागतं. निशाणामागे चकाकणारी टाइल, आरसा किंवा काचेचं कपाटही नको.

आधी बोला, मग बघा

ठिपका दिसतो म्हणून हे साधन घेतलं जातं, आणि त्या ठिपक्यामुळेच सराव बिघडतो. चाप सुटायच्या आधीच नजर निशाणावर पळते, कुठे लागलं ते बघायला. पिस्तुलाच्या नेमबाजीत नजर पुढच्या माशीवरच, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटवरच असायला हवी. माशी स्पष्ट आणि निशाण धूसर.

याच्या मागचं गणित समजलं की सवय लावणं सोपं जातं. एअर पिस्तुलाच्या पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरू. हात थरथरला, पण माशी मागच्या साइटच्या खाचेत मधोमध आहे. म्हणजे सगळं पिस्तूल मिळून १ मिलिमीटर सरकलं, तर निशाणावर फरकही १ मिलिमीटरचाच. पण माशी खाचेत १ मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर तो फरक ३१ मिलिमीटर होतो. दहाचा शॉट थेट काळ्याच्या कडेला. हात हलतो म्हणून मुलं रडकुंडीला येतात. हात सगळ्यांचाच हलतो. माशी खाचेत राहिली आणि चाप सरळ मागे आला, तर त्या हलण्याने फारसं बिघडत नाही.

म्हणून आमची विनंती अशी. चाप सुटला तरी नजर माशीवर ठेवून मनात दोन आकडे मोजा. मग ठिपका किंवा ॲप न बघता शॉट सांगा : ‘नऊ, सात वाजता’, म्हणजे नऊचा शॉट, घड्याळातल्या सातच्या दिशेला, डावीकडे खाली. त्यानंतरच बघा. वहीत दोन रकाने करा, एक सांगितलेला आणि एक दिसलेला. पहिले आठ-पंधरा दिवस हे दोन रकाने जुळत नाहीत, त्याने खचू नका. ते जुळायला लागले की स्कोर आपोआप वर येतो. आमच्याकडून पिस्तूल नेलेली कॉलेजची एक मुलगी महिनाभर नुसता हा ताळा मांडत होती, स्कोरकडे बघतच नव्हती. तिची वही आम्ही पाहिली आहे. शेवटच्या पानांवर दोन्ही रकाने जवळजवळ सारखे होते.

काही साधनांत चमक जरा लांब असते, तेव्हा ठिपक्याऐवजी छोटी रेघ दिसते. ही रेघ जपून बघा. उजव्या हाताने उडवणाऱ्याची रेघ डावीकडे खाली ओढली जात असेल, तर चाप झटक्याने ओढला जातोय किंवा अख्खी मूठ आवळली जातेय.

आठवड्यातून दोन दिवस लेझर बंद ठेवा आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर, निशाणाशिवाय ड्राय करा. बघायला काहीच नसलं की माशी आणि चाप एवढंच उरतं. हात उचलल्यावर आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही, तर ओढून-ताणून सोडू नका. हात खाली घ्या, श्वास घ्या, पुन्हा उचला. एका वेळी तीस-चाळीस शॉट पुरे. दमल्यावर केलेला सराव दमलेली सवयच पक्की करतो.

लेझर काय सांगत नाही

झटका, आवाज, छर्रा नळीतून जायला लागणारा वेळ, यातलं काही लेझरमध्ये नाही. घरातला स्कोर रेंजवरच्या स्कोरपेक्षा चांगला येतो. त्याला स्पर्धेचा स्कोर समजू नका. १० मीटर एअर पिस्तुलाच्या नियमात चाप किमान ५०० ग्रॅमच्या ओढीचा लागतो. लेझर पिस्तुलाचा चाप त्याहून हलका असेल तर बोटाला चुकीची सवय लागते, म्हणून दुकानात वजन लटकवून तो तपासून घ्या. लेझरच्या ठिपक्याशी जुळवायला पिस्तुलाच्या साइटचे स्क्रू फिरवू नका. लेझरचा ठिपका चार-पाच मिलिमीटर बाजूला पडत असेल, तर लेझरचे स्वतःचे छोटे स्क्रू आहेत, ते फिरवायचे.

घरात वापरताना

आमची लेझर दुसऱ्या वर्गातली, म्हणजे १ मिलिवॉटपेक्षा कमी आहेत. असा प्रकाश चुकून डोळ्यावर आला तर पापणी पाव सेकंदात मिटते आणि डोळा वाचतो. मुद्दाम टक लावून बघितलं तर ही राखण उरत नाही. माणसाकडे, मांजराकडे, गाडीवाल्याकडे लेझर कधीच नाही. दुसरीकडून लेझर घेणार असाल तर डब्यावरचा वर्ग आधी वाचा.

लेझरमधला बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. शंका आली तरी वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

पिस्तूल खरं नसलं तरी लांबून खरंच दिसतं. गल्लीकडच्या खिडकीत, गच्चीवर, गणपतीच्या मांडवात ते दाखवू नका. कोल्हापूरला रेंजवर जाताना बंद पेटीत, बॅगेच्या तळाशी ठेवा आणि आमचं बिल सोबत असू द्या. निवडणुकीच्या दिवसांत कोगनोळीच्या नाक्यावर बॅगा उघडून बघतात, तेव्हा ते उपयोगी पडतं. सांबऱ्याहून विमानाने जाणार असाल, तर हातातल्या बॅगेत ठेवू नका आणि विमान कंपनीला आधी कळवा.

सेल महिनाभर वापरायचा नसेल तर काढून ठेवा, विशेषतः जून ते सप्टेंबर. आपल्याकडच्या पावसाळ्यात सेल पाझरतो आणि आतली पट्टी हिरवी पडते. तशी पडलीच तर घासायला जाऊ नका, आहे तसं घेऊन या. लेझर सरळ करून देण्याचे पहिल्या वर्षी पैसे घेत नाही. येताना वही आणा, ती बघितली की स्क्रू कुठे फिरवायचा ते लवकर कळतं.