टू-डी इकोचे वाचन संगणकाकडे कसे आले

गडचिरोलीतल्या भामरागडच्या रुग्णाला 'टू-डी इको', म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, 'करून आणा' असे सांगितले जाते, तेव्हा तपासणीची वीसेक मिनिटे किरकोळच म्हणायची. चंद्रपूर किंवा नागपूरपर्यंतचा प्रवास, मुक्काम आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी हाच खरा खर्च असतो. यंत्र मिळाले तरी ते चालवणारा हात आणि चित्र वाचणारी नजर जवळपास नसते. त्यामुळे हे वाचन संगणकाकडे कसे आले, हे आपल्याकडे समजून घेण्याजोगे आहे.

१९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ यांनी, धातूतील भेगा शोधणाऱ्या यंत्राने हृदयाचे प्रतिध्वनी प्रथम टिपले. तेव्हा दिसत होत्या त्या केवळ हलत्या रेषा. सत्तरच्या दशकात हलते चित्र आणि ऐंशीच्या दशकात रक्तप्रवाहाचे रंग आले.

चित्र सुधारले, मोजणी मात्र हातानेच राहिली. रुग्णाला डाव्या कुशीवर निजवून, बरगड्यांच्या फटीतून डाव्या निलयाचे, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या हृदयाच्या कप्प्याचे, चित्र मिळवायचे, हा कप्पा पूर्ण फुगलेला असताना आणि पूर्ण आकुंचन पावलेला असताना त्याची आतली कड पडद्यावर गिरवायची आणि त्यावरून ईएफ, म्हणजे एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडते, ते काढायचे. फुफ्फुसातील हवा आणि बरगड्यांच्या सावल्या यांमुळे ही कड मध्येच पुसट होते, म्हणून एकाच रुग्णाचा आकडा दोन अनुभवी तज्ज्ञांकडून वेगळा येऊ शकतो. उजळ-अंधाऱ्या भागांवरून कड शोधणाऱ्या नव्वदच्या दशकातील संगणकीय पद्धतीही याच पुसटपणापाशी अडखळत.

खरा बदल घडला तो नियम लिहून देण्याऐवजी तज्ज्ञांनी गिरवलेली हजारो चित्रे संगणकाला दाखवल्यावर. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये १०,०३० चित्रफिती वापरून घडवलेल्या प्रणालीचा ईएफ तज्ज्ञांच्या आकड्यापासून सरासरी सुमारे ४ अंकांनीच ढळत होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,४९५ तपासण्यांच्या चाचणीत, पहिला आकडा कोणाचा हे हृदयरोगतज्ज्ञांना न सांगता, त्यांना तो किती वेळा लक्षणीय बदलावा लागतो हे पाहिले गेले: तंत्रज्ञाचा २७.२ टक्के वेळा, संगणकाचा १६.८ टक्के वेळा. मला त्याहून मोलाचा वाटतो तो अमेरिकेतील आणखी एक प्रयोग. त्यात पूर्वानुभव नसलेल्या ८ परिचारिकांनी, प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचा यंत्राचा भाग, कुठे वळवायचा हे संगणक सांगत असताना, २४० रुग्णांची चित्रे घेतली आणि त्यांपैकी बहुतेक चित्रे निलयाचा आकार व कार्य ठरवण्यास पुरेशी ठरली.

आपल्याकडे हे यंत्र पिशवीत घालून पाड्यावर नेण्याआड गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा येतो, कारण सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि ते वापरण्याची जागा यांवर त्याचे कडक निर्बंध आहेत. मुलींचे जीव वाचवण्यासाठी झालेला हा कायदा सैल करावा, असे मी म्हणणार नाही. नोंदणीकृत फिरत्या दवाखान्याची वाट त्यात आहे.

याहून मोठी अडचण वैद्यकीय आहे. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून मागे राहणारा झडपेचा संधिवाती आजार गरीब वस्त्यांतून अजून आढळतो. अशा बाईची झडप अरुंद झाली असेल, तर गरोदरपणात तिला धाप लागते, पायऱ्या चढवत नाहीत, आणि तरीही ईएफ ६० टक्के, म्हणजे अगदी चांगला, येऊ शकतो. झडपेची उघडझाप आणि रंगीत डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाचे रंग, वाचणाऱ्या प्रणालींवर काम चालू आहे. तोवर केवळ ईएफ सांगणाऱ्या यंत्राच्या भरवशावर तिला घरी पाठवता येणार नाही.