खालची गुणगुण: स्नायूची की नसेची?

फोन व्हायब्रेट झाल्यासारखं वाटतं, हात खिशाकडे जातो आणि फोन तर समोर टेबलावर पडलेला असतो. थोड्या वेळाने तीच बारीक थरथर पुन्हा येते. कधी जांघांच्या मधोमध, कधी गुदद्वाराच्या जरा पुढे, कधी माकडहाडाजवळ. दुखत काहीच नाही. लघवीची तपासणी स्वच्छ येते. मग ज्याला विचारावं तो दोनच गोष्टी ऐकवतो: "नस दबली असणार" आणि "केगल करा", म्हणजे खालचे स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम करा. पहिलं निदान घाईचं आहे आणि दुसरा सल्ला अनेकांच्या बाबतीत उलटा पडतो. स्नायूची गुणगुण आणि नसेची गुणगुण या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

स्नायूची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, कारण डोळा लवणं सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. एक चेतातंतू आणि त्याच्या ताब्यातले मूठभर स्नायूतंतू मेंदूने काही न सांगता उडायला लागतात. पापणीत होतं, पोटरीत होतं, तसंच कटितळातही होतं. कटितळ, म्हणजे सध्या ज्याला सगळे पेल्विक फ्लोअर म्हणतात तो, समोरच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा थर. जागरण, थकवा, ताण, जास्तीची कॉफी, झेपणार नाही इतका व्यायाम, यांपैकी काहीही पुरतं. ताणात काही माणसं जबडा आवळतात आणि काही दिवसभर हा थर आवळून बसतात. त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

नसेचा मार्ग मात्र थोडा समजून घ्यावा लागतो. या भागाची मुख्य नस म्हणजे प्युडेंडल. ती पाठीच्या तळाशी, त्रिकास्थीतल्या, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडातल्या, एस-२, एस-३ आणि एस-४ या मुळांपासून निघते, दोन अस्थिबंधांच्या चिमटीतून जाते आणि मग बैठकीच्या हाडाच्या आतल्या बाजूने एका अरुंद नळीतून पुढे सरकते. आयरिश शरीररचनाशास्त्रज्ञ बेंजामिन अल्कॉक यांनी १८३६मध्ये या नळीचं वर्णन केलं, म्हणून ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे नसेच्या तीन शाखा होतात: एक गुदद्वाराकडे, एक मधल्या भागाकडे, एक लिंगाकडे किंवा क्लिटोरिसकडे. ही नस चिडली की जळजळ होते, टोचतं, विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं, आत काहीतरी अडकलंय असं वाटत राहतं. गुणगुणही होते.

गोंधळ इथेच सुरू होतो. लोक तासन् तास वर्णनावर खल करतात. थरथर आहे की झिणझिण, कंप आहे की मुंग्या, बारीक आहे की जाड. त्यातून फारसं काही हाती लागत नाही, कारण स्नायू आणि नस दोघेही जवळपास सारखीच जाणीव पाठवू शकतात आणि या भागातली जाणीव नेमकी कुठली हे ओळखण्यात मेंदू कच्चा असतो. "कसं वाटतं" हा प्रश्न बाजूला ठेवा. "कशाने बदलतं" हे विचारा.

बदलणाऱ्या गोष्टींत पहिली बैठक. प्युडेंडल नसेच्या दुखण्याचं निदान करण्यासाठी २००८मध्ये फ्रान्सच्या नॉन्त शहराच्या नावाने ओळखले जाणारे पाच निकष प्रसिद्ध झाले. ते वेदनेसाठी आहेत, नुसत्या गुणगुणीसाठी नाहीत, तरी दिशा दाखवायला फार उपयोगी आहेत. त्रास या नसेच्या हद्दीत असतो. बसल्यावर वाढतो. रात्री झोपेतून उठवत नाही. तपासणीत स्पर्श हरवलेला सापडत नाही. नसेजवळ भुलीचं इंजेक्शन दिल्यावर थांबतो. यातला बसण्याचा निकष घरी पाहता येतो, आणि तो पाहण्याची माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे कमोड. सपाट खुर्चीवर बसलं की मधल्या मऊ भागावर दाब येतो. कमोडच्या सीटवर तो भाग मोकळा राहतो आणि वजन कडेला जातं. खुर्चीत वाढणारी गुणगुण कमोडवर बसताच किंवा उभं राहताच मिनिटा-दोन मिनिटांत उतरत असेल, तर संशयाची सुई नसेकडे वळते.

स्नायूची गुणगुण बैठकीशी इतकी इमानदार नसते. ती सगळं शांत झाल्यावर येते: रात्री आडवं पडल्यावर, दगदगीच्या दिवसानंतर, धावपळ संपल्यावर तासाभराने. उभं राहिलं म्हणून लगेच जात नाही. तो भाग एकदाच हलकेच आवळून सोडला की ती क्षणभर थांबते किंवा जागा बदलते. आठवडाभर झोप पुरेशी झाली आणि कॉफी कमी केली की बहुधा विरळ होते. यातलं काहीच शंभर टक्के नाही. आवळलेला स्नायू शेजारच्या नसेलाही चिडवू शकतो आणि मग दोन्ही नमुने एकत्र दिसतात. तरीही हा कल वर्णनांच्या जंगलापेक्षा कितीतरी कामाचा आहे.

चौथा निकष पुन्हा वाचा: स्पर्श हरवलेला नसतो. गुणगुण ही जास्तीची जाणीव आहे. तिला लोक घाबरतात आणि जाणीव कमी झाली की "बरं झालं, आता कमी झालं" म्हणतात. हे अगदी उफराटं आहे. खोगिरावर बसताना जो भाग टेकतो, म्हणजे गुदद्वाराभोवती, जननेंद्रियावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, तिथे पुसताना किंवा धुताना हात लागलेला कळत नसेल, लघवी सुटत नसेल किंवा आल्याचंच कळत नसेल, शौचावरचा ताबा गेला असेल किंवा दोन्ही पायांत कळा आणि अशक्तपणा असेल, तर पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला जात असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी आपत्कालीन विभागात जा. तिथे तासांचा हिशेब असतो आणि एमआरआय तातडीने लागतो.

एरवीच्या एमआरआयबद्दल मात्र माझं मत कडवट आहे. गुणगुण झाली की लोक कंबरेचा एमआरआय काढतात, त्यात दोन मणक्यांमधली एखादी चकती फुगलेली दिसते आणि सगळा दोष तिच्या माथी जातो. २०१५मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या आढाव्यात पाठीचा काहीच त्रास नसलेल्या लोकांमध्येही चकती फुगलेली दिसली: विशीतल्या सुमारे ३० टक्क्यांमध्ये, ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्क्यांमध्ये. शिवाय कंबरेच्या खालच्या चकत्यांचा त्रास सहसा पायात उतरतो. पुरुषांच्या बाबतीत हीच घाई प्रोस्टेटवर होते. कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी, न करताच अँटिबायोटिकचा कोर्स, मग दुसरा, मग तिसरा. प्रोस्टेटायटिस (प्रोस्टेटची सूज) म्हणून हाताळल्या जाणाऱ्या बहुसंख्य दीर्घकालीन तक्रारींत जंतू सापडतच नाहीत.

आता केगल. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८मध्ये हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी. त्या कामाला ते उत्तम आहेत. पण आधीच आवळलेला स्नायू आणखी आवळून मोकळा कसा होणार? गंमत म्हणजे असा ताठर स्नायू तपासणीत कमकुवतही ठरतो, कारण जो सैल सुटतच नाही त्याला आणखी आवळायला जागा उरत नाही. "कमकुवत" एवढंच ऐकून माणूस दिवसाला शंभर केगल करतो आणि गुणगुण दुप्पट होते. स्नायू नीट सोडता येतो की नाही हे कुणी तपासेपर्यंत केगल बंद ठेवा.

त्याऐवजी श्वास. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर टेकवा आणि श्वास पोटात खाली जाऊ द्या. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली येतो आणि त्याच्याबरोबर कटितळही खाली सरकतो. आपण मात्र श्वास घेताना पोट आत ओढायची सवय लावून घेतलेली असते. श्वास सोडताना काहीही आवळू नका. पाच मिनिटं पुरे. शौचाला कुंथू नका, कमोडवर पायांखाली छोटं स्टूल घ्या. नसेचा नमुना असेल तर सायकल काही आठवडे बाजूला ठेवा, अर्ध्या तासाने उठा आणि उशी घ्यायचीच तर मधोमध पुढपर्यंत खाच असलेली घ्या. गोल कडीची उशी मला पसंत नाही, तिच्यात मधला भाग लोंबतो आणि ताण उलट वाढतो.

आणि सारखं तपासणं थांबवा. २०१२च्या एका अमेरिकन अभ्यासात २९० कॉलेज विद्यार्थ्यांपैकी ८९ टक्क्यांनी न वाजलेला फोन थरथरल्याचं अनुभवलं होतं. लक्ष ठेवून बसलं की मेंदू क्षुल्लक हालचालीलाही घंटी वाजवतो. "आत्ता आहे का?" असं दर दहा मिनिटांनी विचारणाऱ्याला ती बहुधा सापडतेच.

काहींना ही गुणगुण नको असलेल्या कामोत्तेजनेसारखी जाणवते, मनात तसं काहीही नसताना. लाजेपोटी ते कुणाला सांगत नाहीत. २००१पासून या तक्रारीचं वैद्यकीय वर्णन उपलब्ध आहे, स्त्रियांमध्ये ती जास्त नोंदली गेली आहे आणि त्रिकास्थीतल्या नसांच्या मुळांवरच्या गाठी हे तिचं एक संभाव्य कारण आहे. नैराश्यावरची काही औषधं सुरू करताना किंवा अचानक थांबवताना असा त्रास सुरू झाल्याचीही उदाहरणं आहेत. औषध आपल्या मनाने बंद करू नका, पण तारीख जुळते का ते डॉक्टरांना नक्की सांगा.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची साधी नोंद न्या: कधी आली, बसलेले होतात की आडवे, कशाने गेली, स्पर्श शाबूत आहे का. "खाली काहीतरी होतंय" एवढंच सांगितलं तर "टेन्शन घेऊ नका" एवढंच परत मिळतं. पेल्विक फिजिओथेरपिस्ट मिळाला तर तिथून सुरुवात करणं मी पसंत करेन, कारण स्नायू बोटाने चाचपून पाहणारे तेच. आतून तपासणी नको असेल तर तसं स्पष्ट सांगा. बाहेरून तपासूनही बरंच कळतं.