सिट्रोनेला : ओळख व छाटणी

सिट्रोनेला या एकाच नावाखाली महाराष्ट्रात एकमेकींशी नाते नसलेल्या दोन वनस्पती विकल्या जातात. त्यांपैकी एक गवत कुलातील असून तिच्या पात्यांतून सिट्रोनेला तेल काढतात. दुसरी जिरॅनिएसी कुलातील झुडूप आहे. ते ‘मच्छर पळवणारे झाड’ म्हणून कुंडीत मिळते. वाढून लांबुळके, खाली उघडे पडलेले रोप छाटायचा प्रश्न या झुडपाबाबतच येतो. गवताला छाटणी नसते, कापणी असते. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) नावांच्या या गोंधळात रोशा किंवा तिखाडी या स्थानिक गवताची भर पडते. गवती चहा ही आणखी वेगळी जाती. ती घरोघरी परिचित असल्याने तिचा येथे विचार केलेला नाही.

गवताच्या नावाचा वाद जुना आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस यांनी १७५३ मध्ये या गवताला अँड्रोपोगॉन नार्डस हे नाव दिले. नार्डस म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन ग्रंथांतील ‘नार्द’ हे मोलाचे सुगंधी द्रव्य. लखनौहून आलेल्या एका सुगंधी गवताच्या नमुन्यावरून इंग्रज वैद्य गिल्बर्ट ब्लेन यांनी १७९० मध्ये असे प्रतिपादन केले की, प्राचीनांचा भारतीय नार्द म्हणजे त्या नमुन्यातलेच गवत होय. प्राच्यविद्यापंडित सर विल्यम जोन्स यांनी त्याच सुमारास नार्द म्हणजे जटामांसी असे मत मांडले आणि पुढील अभ्यासकांचा कौल बहुधा त्यांच्याच बाजूने पडला. गवताच्या नावातील ‘नार्डस’ मात्र आजही टिकून आहे. सध्या सिंबोपोगॉन या प्रजातीत दोन तेलगवते वेगळी धरतात : सिलोन प्रकार (सिं. नार्डस) आणि जावा प्रकार (सिं. विंटेरियानस). जावा तेलात सिट्रोनेलाल या सुगंधी घटकाचे प्रमाण साधारणपणे एक-तृतीयांश किंवा अधिक असते, सिलोन तेलात ते बरेच कमी. भारतात लागवड मुख्यतः जावा प्रकाराची होते.

रोशा (सिं. मार्टिनी) हे याच प्रजातीतले. संस्कृत ‘रोहिष’ या शब्दापासून रोशा आला, ही व्युत्पत्ती ग्राह्य वाटते. गुलाबाच्या इंग्रजी नावाशी त्याचा संबंध जोडणे हे केवळ ध्वनिसाम्य असावे. ‘मार्टिनी’ हे जातिवाचक नाव लखनौचे जनरल क्लॉड मार्टिन यांच्यावरून पडले. टिपूविरुद्धच्या मोहिमेत त्यांनी बालाघाटच्या पठारावरून या गवताचे बी आणले होते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या वर्णनावरून दिसते. रोशाचे मोतिया व सोफिया असे दोन प्रकार आहेत. कोरड्या, उताराच्या जमिनीवरचा मोतिया गुलाबासारख्या वासाचे पामरोसा तेल देतो. दमट जागेतला सोफिया हलक्या प्रतीचे. दिसायला दोन्ही इतके सारखे की, फरक नाकानेच ओळखावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात खानदेश हा रोशा तेलाचा महत्त्वाचा प्रदेश होता आणि १८८० च्या जिल्हा गॅझेटियरातही या तेलाची दखल घेतलेली आहे. पावसाळा ओसरताना, गवत फुलोऱ्यावर आले की ओढ्याकाठी तेल काढण्याच्या भट्ट्या लागत. तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला (आजचे इस्तंबूल) पोहोचे व तेथून गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी जाई. त्यामुळेच युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत. सातपुड्याच्या उतारावरचे गवत तुर्की ठरले आणि आफ्रिकेचे झुडूप आज सिट्रोनेला ठरले आहे, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

ते झुडूप म्हणजे पेलार्गोनियम ‘सिट्रोसम’. पेलार्गोनियम ही मूळची प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेतील प्रजाती. सिट्रोनेला गवताचे गुण प्रयोगशाळेत या वनस्पतीत उतरवले, असा दावा करून १९९० च्या दशकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेत तिची विक्री झाली. रासायनिक तपासणीत तो दावा टिकला नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार तिच्या तेलात जिरॅनिऑल सुमारे ३५ टक्के आणि सिट्रोनेलोल सुमारे १० टक्के हे सुगंधी घटक आहेत, तर सिट्रोनेलाल नगण्य. म्हणजे वास मिळताजुळता, घटक वेगळे. फ्लॉरिडात १९९४ मध्ये केलेल्या चाचणीतही नुसत्या झाडाने डास दूर राहिले नाहीत. दाट झुडूप अधिक डास पळवील या आशेने छाटणी करण्यात अर्थ नाही. झाड सुटसुटीत व्हावे, एवढाच तिचा हेतू.

रोप लांबुळके होण्याचे मुख्य कारण अपुरा उजेड हे आहे. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून कुंडी ओसरीत किंवा जिन्याखाली सरकवली जाते आणि पावसाळा लागला तरी तेथेच राहते. पेरांतील अंतर वाढते, खालची पाने गळतात, खोड लाकडासारखे होते. नत्रखत जास्त झाल्यासही वाढ अशीच लुसलुशीत व अशक्त होते.

शेंडा कापल्यावर बगलेतले (पान व खोड यांच्या बेचक्यातले) डोळे, म्हणजे सुप्त कोंब, का फुटतात, याविषयी दोन मते आहेत. थिमान व स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात दाखवले की, शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक खालच्या डोळ्यांना रोखून धरते. पाठ्यपुस्तकांत हेच मत आढळते. वाटाण्यावरील २०१४ च्या संशोधनात मात्र ऑक्सिनची पातळी उतरण्याआधीच डोळे वाढू लागल्याचे आढळले. शेंड्याकडे जाणारी साखर त्यांच्याकडे वळणे हे पहिले कारण असावे, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन्ही प्रक्रिया एकामागून एक घडत असाव्यात, हे अधिक संभवनीय दिसते. साखर पाने तयार करतात. त्यामुळे कापलेल्या फांदीवर दोन-चार पाने राखावीत, हा माळ्यांचा जुना दंडक त्याच्याशी जुळतो. अगदी उघड्या, जुन्या लाकडात कापल्यास फूट येईलच असे नाही. कपाशीचा शेंडा खुडणाऱ्या शेतकऱ्याला यातले तत्त्व नवे नाही.

खानदेशात छाटणीला योग्य काळ म्हणजे पाऊस उघडल्यानंतरचा, ढोबळमानाने दसरा-दिवाळीचा. पुढे येणारा हिवाळा हा या झुडपाचा खरा वाढीचा हंगाम. उंचीचा एक-तृतीयांश ते निम्मा भाग पेराच्या (पान फुटते त्या सांध्याच्या) किंचित वर, स्वच्छ व धारदार कात्रीने कापावा. फारच उघडे पडलेले झाड एका वेळी न छाटता अर्ध्या फांद्या आधी आणि उरलेल्या त्यांना फूट आल्यावर, अशी दोन टप्प्यांत छाटणी करणे सुरक्षित. कुंडी एकदम उन्हात न नेता आठवडाभरात हळूहळू न्यावी. नवी फूट चार-पाच पानांची झाली की शेंडे खुडतात. मार्च ते मे या काळात जोरकस छाटणी टाळावी, कारण उघडे पडलेले खोड उन्हाने भाजते. भर पावसात ओली जखम कुजते. कुंडीत निव्वळ काळी माती असेल तर हा धोका वाढतो, तेव्हा तीत वाळू व शेणखत मिसळणे आवश्यक.

कापलेले शेंडे फेकण्याचे कारण नाही. चार-पाच बोटे लांबीचे तुकडे खालची पाने काढून काही तास सावलीत सुकवतात व वाळूमिश्रित मातीत लावतात; तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. खोड तळाशी काळे पडलेल्या झाडाचे तुकडे मात्र घेऊ नयेत. ती बहुधा बुरशीजन्य कूज असते.

सिट्रोनेला गवताचे पहिले कापणी-पीक लागवडीनंतर साधारण सहा महिन्यांनी व नंतर दर अडीच-तीन महिन्यांनी घेतात. कापणी जमिनीपासून वीतभर उंची राखून करतात. ताज्या पाल्यातून सुमारे १ टक्का तेल मिळते. चार-पाच वर्षांत गवताचे बेट (झुबका) मधोमध पोकळ होते आणि नुसती वरून पाती कापून ते सुधारत नाही. ते खणून, कडेचे जोमदार ठोंब वेगळे करून पावसाळ्याच्या आरंभी पुन्हा लावतात.