गणित येणाऱ्यांचं गणित कुठे चुकतं

एका नव्या मलमाची चाचणी झाली, असं समजा. अंगावर पुरळ आलेल्या काही लोकांनी मलम लावलं, काहींनी लावलं नाही. लावणाऱ्यांपैकी २२३ जणांना आराम पडला, ७५ जणांचं पुरळ वाढलं. न लावणाऱ्यांपैकी १०७ जणांना आराम पडला, २१ जणांचं वाढलं. आता सांगा, मलमाचा गुण येतो की ते लावल्याने त्रास वाढतो? पुढे वाचण्याआधी मनाशी उत्तर ठरवून टाका.

बहुतेकांची नजर आधी २२३ वर जाते. तो सगळ्यांत मोठा आकडा. १०७ च्या दुपटीहून जास्त, म्हणजे मलम चांगलं! पण मलम लावणारे मुळात जास्त होते, २९८. त्यांतले २२३ म्हणजे सुमारे ७५ टक्के. न लावणारे १२८, त्यांतले १०७ म्हणजे सुमारे ८४ टक्के. याचा अर्थ काहीच न लावता राहिलेल्यांना जास्त प्रमाणात आराम पडला. मलमाने नुकसानच केलं. हे कळायला सातवी-आठवीतलं शेकडेवारीचं गणित पुरतं, पण ते करायला हवं हे सुचावं लागतं. येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली हा प्रयोग अमेरिकेतल्या १,१११ प्रौढांवर केला. अशा कोष्टकावर ५९ टक्के लोकांचं उत्तर चुकलं. ज्यांचं गणित चांगलं होतं, त्यांची उत्तरं अर्थातच जास्त बरोबर आली.

प्रयोगाचा खरा भाग याच्या पुढे आहे. तेच चार आकडे, तसेच चार रकाने, फक्त मथळे बदलले. मलमाच्या जागी आली शहरं. काही शहरांनी सार्वजनिक ठिकाणी लपवून पिस्तूल बाळगण्यावर बंदी घातली, काहींनी घातली नाही. कुठे गुन्हे कमी झाले, कुठे वाढले. अमेरिकेत बंदुकीचा प्रश्न निघाला की माणूस कोणत्या पक्षाचा हे लगेच कळतं. डेमोक्रॅट बहुतांशी बंदीच्या बाजूचे, रिपब्लिकन विरोधातले. काही जणांना दिलेल्या कोष्टकातून बंदीमुळे गुन्हे घटले असं निघत होतं, काहींच्या कोष्टकातून वाढले असं.

इथे गणित चांगलं असणाऱ्यांची गाडी घसरली. कोष्टकातून निघणारं खरं उत्तर आपल्या पक्षाच्या सोयीचं असेल, तर ते बरोबर शोधून काढायचे. गैरसोयीचं असेल, तर वरवर दिसणाऱ्या चुकीच्या उत्तरावर समाधान मानायचे. सोयीचं उत्तर असताना आणि गैरसोयीचं असताना बरोबर येण्याच्या शक्यतेत जो फरक पडला, तो गणितात कच्च्या असणाऱ्यांत सरासरी २५ टक्के अंकांचा होता. पक्क्या असणाऱ्यांत तो ४५ वर गेला. हुशारीने पक्षपात कमी व्हायला हवा होता, तो वाढला.

असं का व्हावं? दुकानदार रात्री गल्ला मोजतो. हिशेब जुळला की वही मिटतो. शंभर रुपये कमी भरले की पुन्हा मोजतो, पावत्या काढतो, उधारीचं पान तपासतो. मोजणी त्याला दोन्ही वेळी सारखीच येते. फक्त कुठे थांबायचं हे वेगळं ठरतं. कहान यांच्या प्रयोगातही पहिल्या नजरेत दिसणारं उत्तर मनासारखं असेल तर माणूस तिथेच थांबला. मनाविरुद्ध असेल तर त्याने पुन्हा पाहिलं, शेकडा काढला आणि खरं उत्तर गाठलं. ज्याला शेकडा काढता येत नाही, त्याने पुन्हा पाहिलं तरी त्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून फरक हुशारांत जास्त.

पक्षनिष्ठ माणूस विचारच करत नाही, ही आपली लाडकी तक्रार मला त्यामुळे चुकीची वाटते. तो विचार करतो, कधी कधी आपल्यापेक्षा जास्तच करतो. पण कोणत्या बातमीची झडती घ्यायची आणि कोणती न तपासता आत सोडायची, हे निष्ठा आधीच ठरवून ठेवते.

एक खबरदारी इथेच सांगायला हवी. इतर संशोधकांनी असे प्रयोग पुन्हा केले, तेव्हा पक्षाकडे झुकणं दिसलं. पण गणित जितकं पक्कं तितकं झुकणं जास्त, हा भाग दर वेळी तितका ठळक आला नाही. एकाच प्रयोगावर सगळं घर बांधू नये. मात्र निष्ठा तर्काला वळण लावते याचे पुरावे इतर दिशांनीही आले आहेत.

त्यातला मला सगळ्यांत बोलका वाटतो तो जेफ्री कोहेन यांचा, २००३ साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी विद्यार्थ्यांपुढे गरीब कुटुंबांना सरकारी मदत देण्याच्या योजना ठेवल्या. एक सढळ हाताची, एका मुलाच्या कुटुंबाला महिना ८०० डॉलरच्या आसपास देणारी. दुसरी हात आखडता घेणारी, महिना २५० डॉलर आणि मदतीला मुदत. पक्षाचं नाव न सांगता विचारलं, तेव्हा अपेक्षेप्रमाणे उदारमतवाद्यांना, म्हणजे डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्यांना, सढळ योजना आवडली, परंपरावाद्यांना, म्हणजे रिपब्लिकनांकडे झुकणाऱ्यांना, काटकसरीची. मग योजनेला आपल्या पक्षाच्या नेत्यांचा पाठिंबा आहे की विरोध, एवढंच सांगितलं. तेवढ्याने मजकूर जणू पुसला गेला. आपल्या पक्षाचा पाठिंबा म्हटल्यावर उदारमतवाद्यांना कंजूष योजना पटली आणि परंपरावाद्यांना उधळी. का पटली, असं विचारल्यावर प्रत्येकाने योजनेतल्या तरतुदींची आणि आपल्या तत्त्वांची कारणं दिली. पक्षाचा आपल्यावर काही परिणाम झाला हे त्यांना मान्य नव्हतं. दुसऱ्यांवर मात्र होतो, असं त्यांचं मत होतं.

ते खोटं बोलत नव्हते, हे लक्षात घेतलं पाहिजे. कारणं त्यांना खरोखर सुचली होती, फक्त ती निर्णयानंतर सुचली होती. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचं वाटू नये. २०१९ ते २०२३ या काळात इथे आघाड्या मोडल्या, नव्या जुळल्या, दोन मोठे पक्ष फुटले. कालपर्यंत ज्या नेत्याच्या नावाने बोटं मोडली, तो आपल्या बाजूला येताच त्याच्या कारभारातले गुण दिसू लागले, असे समर्थक प्रत्येक गटात होते. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या कट्ट्यावर, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही नवी कारणं किती पटकन आणि किती मनापासून मांडली जात होती, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही.

यामागे एक साधा व्यवहारही आहे. बंदुकीबद्दल किंवा आर्थिक धोरणाबद्दल माझं मत चुकीचं असलं, तर देशाच्या निर्णयावर त्याचा जवळजवळ शून्य परिणाम होतो, कारण मी कोट्यवधींतला एक मतदार. पण तेच मत माझ्या माणसांच्या विरोधात गेलं, तर किंमत लगेच मोजावी लागते. मित्र दुरावतात, भाऊबंद तिरके बोलतात, कार्यकर्त्याचं तर पदही जातं. आपल्या माणसांच्या बाजूने चुकणं स्वस्त पडतं. ही किंमत अलीकडे वाढलीही आहे. मुलाने किंवा मुलीने विरुद्ध पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल, असं १९६० साली अमेरिकेत दोन्ही पक्षांत पाच टक्क्यांच्या आसपास लोक म्हणत होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांत हे प्रमाण निम्म्याजवळ आणि डेमोक्रॅटांत एक तृतीयांशाजवळ गेलं.

मग लोक जे बोलतात त्यावर त्यांचा खरंच विश्वास असतो का? जानेवारी २०१७ मध्ये ब्रायन शॅफ्नर आणि सामंथा लुक्स यांनी दोन फोटो दाखवले. एक ओबामांच्या २००९ च्या शपथविधीचा, दुसरा ट्रम्प यांच्या त्याच आठवड्यातल्या शपथविधीचा. काही जणांना फक्त इतकंच विचारलं, कोणत्या फोटोत माणसं जास्त दिसतात? ओबामांच्या फोटोत मैदान गच्च भरलेलं, दुसऱ्यात पांढरे मोकळे पट्टे. ट्रम्प यांच्या विरोधात निवडणूक लढलेल्या हिलरी क्लिंटन यांच्या मतदारांपैकी २ टक्क्यांनी चुकीचं उत्तर दिलं. ट्रम्प यांच्या मतदारांपैकी १५ टक्क्यांनी. त्यांचे डोळे फसले नव्हते. प्रश्न फोटोचा नसून बाजू घेण्याचा आहे, असं समजून ते उत्तर देत होते. मतदारांना बरोबर उत्तरासाठी थोडे पैसे देऊ केल्यावर काय होतं, हेही तपासलं गेलं आहे. अर्थव्यवस्थेसारख्या विषयांतल्या वस्तुस्थितीच्या प्रश्नांवर दोन पक्षांच्या उत्तरांतलं अंतर त्याने निम्म्याहून अधिक कमी झालं. लोकांना माहीत असतं त्यापेक्षा ते कमी कबूल करतात. मला ही गोष्ट दिलासा देणारी वाटते.

इथपर्यंत वाचताना ‘त्या’ पक्षाचे लोक डोळ्यांसमोर आले असतील, तर तेही याच आजाराचं लक्षण आहे. पीटर डिटो आणि सहकाऱ्यांनी ५१ प्रयोग आणि १८,००० हून अधिक सहभागी एकत्र करून पाहिले. उदारमतवादी आणि परंपरावादी, दोघांतला पक्षपात सरासरी जवळजवळ सारखा निघाला.

उपाय म्हणून ‘निःपक्षपातीपणे विचार करा’ असं सांगण्याचा उपयोग होत नाही. चार्ल्स लॉर्ड, मार्क लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी १९८४ साली हेच तपासलं. मृत्युदंडाचे कट्टर समर्थक आणि विरोधक यांना संशोधनाचे निष्कर्ष वाचायला दिले. काहींना सांगितलं, न्यायाधीशासारखे तटस्थ राहा. काही फरक पडला नाही, कारण आपण तटस्थच आहोत असं प्रत्येकाला आधीपासून वाटत होतं. दुसऱ्यांना वेगळा प्रश्न दिला: अगदी याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष उलटा आला असता, तर ही पद्धत तुम्हाला तितकीच चांगली किंवा वाईट वाटली असती का? हा प्रश्न मनात ठेवून वाचणाऱ्यांत पक्षपात कमी झाला. मी स्वतः बातमी पुढे पाठवण्याआधी पक्षाचं नाव बदलून ती पुन्हा वाचतो. पुष्कळदा ती पाठवण्याजोगी राहत नाही.

भारतातला अनुभव मात्र सावध करणारा आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास सुमित्रा बद्रिनाथन यांनी बिहारमध्ये बाराशेंहून अधिक घरांत जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं. खोटी बातमी कशी ओळखावी, फोटो मूळ कुठला हे कसं शोधावं, असं सगळं शिकवलं. सरासरी काढली तर लोक त्यानंतर बातम्या ओळखण्यात सुधारले नाहीत. भाजपच्या समर्थकांत तर, आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता उलट घटली. ऐन निवडणुकीत, प्रौढ माणसाला, घरी येऊन एका तासात हे शिकवता येत नाही, असा याचा अर्थ मी घेतो.

कारण त्याच बिहारमध्ये पुढे बद्रिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांसाठी वर्ग घेतले. ५८३ गावं, १३,००० हून अधिक विद्यार्थी, एका बैठकीऐवजी काही आठवड्यांत विभागलेले तास. शिकवताना भर आरोग्याच्या अफवांवर होता, राजकारणाचा विषय त्यात नव्हता. मुलं खरं-खोटं ओळखायला शिकली आणि चार महिन्यांनी पुन्हा तपासलं तरी ते टिकून होतं. त्यांना कधीच न शिकवलेल्या राजकीय अफवाही ती आता जास्त चांगल्या ओळखत होती आणि त्यांच्या घरी, वर्गात कधी न बसलेले आईवडीलसुद्धा.