एक अपघात, दोन निरीक्षक

कारखान्यात उघड्या वायरला हात लागून कामगार गेला, की चौकशीला दोन खात्यांची माणसे येतात. एक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी, ज्याला जुने लोक अजून ‘फॅक्टरी इन्स्पेक्टर’च म्हणतात. दुसरा विद्युत निरीक्षक. दोघांचे कायदे वेगळे आणि अहवालही वेगवेगळ्या टेबलांवर जातात. केंद्राने २०२० साली तेरा कामगार कायदे गुंडाळून त्यांची ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती’ ही एक संहिता केली, पण ही वाटणी मात्र तशीच ठेवली. ती कशी पडली हे समजून घ्यायला मुंबईच्या गिरण्यांपर्यंत मागे जावे लागते.

गिरण्यांतल्या परिस्थितीची चौकशी करायला १८७५ साली मुंबईत आयोग नेमला गेला. बहुतेक सदस्यांना कायद्याची गरजच वाटली नाही. तरीही १८८१ चा कारखाने कायदा झाला. त्यामागे सोराबजी शापूरजी बंगालींसारख्या समाजसुधारकांची कळकळ होती, तसा इथल्या स्वस्त मजुरीने धास्तावलेल्या इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा रेटाही होता. कायदा अगदी तोकडा होता. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होई. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेता येत नसे, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा होती, आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालायचे होते. प्रौढ कामगाराबद्दल जवळजवळ काही नव्हते.

ती उणीव कामगारांनीच दाखवली. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सभा भरवून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. रविवारची सुट्टी त्यातूनच पुढे मिळाली, हे बहुतेकांना माहीत असते. त्याच निवेदनातली दुसरी मागणी मात्र सहसा कोणी सांगत नाही: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय करा. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ उजाडले.

विजेचा पहिला कायदा १८८७ चा. व्यक्ती आणि मालमत्तेला विजेपासून इजा होऊ नये एवढाच त्याचा हेतू. तेव्हा वीज म्हणजे मोजक्या ठिकाणचे दिवे. गिरणी वाफेवर चाले. त्यामुळे यंत्राची काळजी एका कायद्याने आणि तारेची दुसऱ्याने घेतली, यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र ही दोन टोके एकमेकांना भिडली, तीही शॉक लागून नव्हे तर दिव्यांमुळे. तोवर गिरणीचा दिवस सूर्याबरोबर संपे. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे सर्रास आले आणि मालकांनी चौदा-पंधरा तास माग चालवायला सुरुवात केली. कामगारांत असंतोष उसळला, आधी एक समिती आणि मग १९०७-०८ मध्ये आयोग बसला, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला पहिल्यांदा बारा तासांची मर्यादा घातली. थकलेल्या माणसाचा हात यंत्रात जातो, हे एव्हाना सगळ्यांना कळले होते. पण आदल्याच वर्षी, १९१० मध्ये, झालेल्या विद्युत कायद्याचा भर परवाने आणि पुरवठ्यावर होता. सुरक्षितता त्यातही होती, पण ती तारांची आणि उपकरणांची. ती हाताळणारा माणूस किती तास उभा आहे, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हता. पुढे १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची वीज आली, गिरण्या मोटरवर फिरू लागल्या आणि धोका यंत्रे फिरवणाऱ्या पट्ट्यांतून केबलमध्ये शिरला. कायद्यांनी आपापली जागा सोडली नाही.

एकदा संधी आली होती. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि विद्युतशक्तीचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. कारखाना आणि वीज एका टेबलावर! आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारी कारखाने कायद्याची १९४६ ची दुरुस्ती त्यांनीच मांडली, आणि केंद्रीय वीज नियोजनाची पायाभरणीही त्याच खात्यात झाली. स्वातंत्र्यानंतर टेबले वेगळी झाली. १९४८ साली जगजीवनराम यांच्या कामगार मंत्रालयाने कारखाने अधिनियम आणला, तर काकासाहेब गाडगीळ यांच्याकडच्या बांधकाम, खाणी व वीज मंत्रालयाने वीजपुरवठा अधिनियम. एकाच वर्षी, एकाच सभागृहात, दोन वेगळ्या वाटांनी.

कारखाने अधिनियम विजेबद्दल अगदीच गप्प नव्हता. त्याच्या कलम ३६-अ प्रमाणे टाकी, खड्डा, नळ अशा बंदिस्त जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा पुरेशा सुरक्षा साधनांशिवाय नेता येत नसे. ओल्या लोखंडी टाकीत घामाने भिजलेला माणूस २३० व्होल्टचा बल्ब हातात घेऊन उतरला तर काय होते, हे पाहिलेल्या कुणीतरी लिहिलेले हे कलम वाटते. तपशिलाचे बाकीचे काम १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी केले. तार हाताळण्याआधी ती अर्थ करायची, म्हणजे जमिनीशी जोडायची, हातमोजे, सेफ्टी बेल्ट आणि शिडी द्यायची, ही लाइनमनची रोजची शिस्त तिथलीच.

अपघाताची व्याख्याही दोन्हीकडे जुळत नाही. विद्युत कायद्यात, १९१० च्या कलम ३३ मध्ये आणि आज २००३ च्या कलम १६१ मध्येही, माणसाला किंवा जनावराला झालेली कोणतीही इजा कळवायची असते. शेतात तुटलेल्या तारेवर पाय पडून बैल मेला तरी. कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ मध्ये मृत्यू सोडला तर ४८ तास काम बुडेल एवढी इजा लागे. म्हणजे झटका बसून फेकला गेलेला, पण दुसऱ्या दिवशी कामावर आलेला कामगार एका वहीत नोंदवायचा आणि दुसरीत नाही. प्रत्यक्षात तो बहुधा कुठेच नोंदला जात नाही, हा भाग वेगळा.

मोठी दुरुस्ती व्हायला भोपाळ घडावे लागले. १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी नवे प्रकरण घातले गेले आणि जिवावरचा धोका दिसला तर तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. विजेच्या बाजूला असे एकच मोठे निमित्त कधी आले नाही. तिथले मृत्यू एकेकटे, विखुरलेले. अलीकडच्या अनेक वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून जास्त माणसे गेल्याचे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग नोंदवतो. त्यात घर आणि शेत मोठ्या प्रमाणात आहेत, आणि तिथे कारखान्याचा कायदा पोहोचतच नाही.

२००३ च्या विद्युत कायद्याने १९१० चा कायदा रद्द केला, पण नवे विनियम होईपर्यंत १९५६ चे नियम चालू ठेवले. ते विनियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये केले आणि २०२३ मध्ये बदलले. त्यांत सुरक्षा अधिकारी आला, सरकारने अधिकृत केलेला सनदी विद्युत सुरक्षा अभियंता आला, आणि ठरावीक दाबापर्यंत मालकाने स्वतःच प्रमाणपत्र देण्याची सोयही आली. या शेवटच्या सोयीबद्दल मला शंका आहे. आपल्या शेडचे अर्थिंग ठीक असल्याचा दाखला शेडमालकानेच द्यायचा, हे कागदावर सुटसुटीत दिसते, एवढेच.

कामगार बाजूची संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. निरीक्षकाचा ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’ झाला. सुरक्षा अधिकारी पूर्वी हजार कामगारांमागे लागे, आता कारखान्यात पाचशेला लागतो. ही जमेची बाजू. उलट वीज वापरणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणण्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर गेली. दहा कामगारांपासून ती जागा ‘आस्थापना’ ठरते आणि सर्वसाधारण जबाबदाऱ्या राहतात, पण कारखान्यासाठीच्या खास तरतुदी वीसच्या पुढे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावात छोट्या छोट्या शेडमध्ये चालणाऱ्या यंत्रमागांच्या दृष्टीने हा आकडा फार महत्त्वाचा आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या शेडला विद्युत विनियम लागू राहतात. म्हणजे निरीक्षक आलाच तर तो मीटर, फ्यूज आणि अर्थिंग पाहील. माग चालवणारा बाराव्या तासाला आहे का, हे विचारणे त्याच्या कामात बसत नाही.