पागडीची खोली आणि मालकीची खोली

गिरगाव, ठाकूरद्वार, खेतवाडी किंवा काळबादेवी या भागांत ज्यांची जुनी खोली आहे, अशा कुटुंबांत वाटणीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पावती बाबांच्या नावावर आहे, म्हणजे खोली आपलीच आहे.’ या वाक्यात पागडी आणि मालकी या दोन वेगळ्या हक्कांची गल्लत झालेली असते. तिच्यापायी सख्ख्या भावंडांत अबोला आलेला मी इतक्या वेळा पाहिला आहे, की हा फरक एकदा सविस्तर लिहावा असे वाटले.

मालकीचा फ्लॅट सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा नोंदणीकृत करारनामा असतो, सोसायटीचे भागप्रमाणपत्र असते आणि दरमहा देखभालखर्च भरावा लागतो. त्या फ्लॅटमध्ये तुम्ही राहा, तो भाड्याने द्या किंवा दहा वर्षे कुलूप लावून ठेवा, मालकी कमी होत नाही. तेवढे ध्यानात ठेवले की पुरे.

पागडीच्या खोलीत मात्र इमारत घरमालकाचीच राहते आणि आपल्याकडे असतो तो केवळ भाडेहक्क. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून ठेवली. भाडे वाढवता येईना आणि भाडेकरूला सहजासहजी काढताही येईना, तेव्हा खोली देताना एकरकमी मोठी रक्कम घेण्याची पद्धत रूढ झाली, तीच पागडी. त्या कायद्याने अशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरवला होता, त्यामुळे व्यवहार रोखीने आणि बहुधा कागदावाचून होत असत. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि अशी रक्कम घेणे-देणे कायदेशीर ठरले. जुन्या कुटुंबांकडे भाडेपावतीशिवाय दुसरा कागद का सापडत नाही, याचे कारण या इतिहासात आहे. पावतीला मालकीच्या दाखल्याचे मोल देण्याची चूकही तिथूनच सुरू झाली, कारण दाखवायला हाती तेवढेच होते.

लहानसहान फरक अनेक आहेत. पागडीच्या खोलीवर गृहकर्ज मिळणे अवघड जाते, भाडे आजच्या बाजारभावाच्या मानाने नाममात्र असते, आणि खोली दुसऱ्याला द्यायची तर घरमालकाची संमती घेऊन, रिवाजाप्रमाणे मिळालेल्या रकमेचा साधारण तिसरा हिस्सा त्याला द्यावा लागतो. या गोष्टी व्यवहाराच्या वेळी आपोआप समजतात आणि त्यांत सहसा कोणी फसत नाही.

लोक खरे फसतात ते वास्तव्याच्या प्रश्नावर. मालकी कागदावर टिकते, तर पागडीचा हक्क त्या खोलीत राहण्यावर टिकतो. एक नेहमीचा प्रसंग घ्या. ठाकूरद्वारच्या खोलीत वडील आणि थोरला मुलगा राहतात, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली आहे आणि धाकटा मुलगा पुण्यात आहे. वडील अत्यंत न्यायबुद्धीने मृत्युपत्र करतात आणि खोलीचे तीन सारखे वाटे लिहून ठेवतात. खोली मालकीची असती तर हे मृत्युपत्र निमूटपणे अमलात आले असते. पागडीच्या खोलीत मात्र कायद्याचा क्रम निराळा आहे : भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या घरात राहणारी कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू होते. अशी कोणीच व्यक्ती नसेल, तरच इतर वारसांचा विचार होतो, आणि त्यांच्यात एकमत झाले नाही तर न्यायालय ठरवते. म्हणजे वर सांगितलेल्या कुटुंबात भाडेहक्क थोरल्या मुलाकडे जातो, मग मृत्युपत्रात काहीही लिहिलेले असो. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात स्पष्ट केले. तो निकाल जुन्या कायद्याखालचा असला, तरी नव्या कायद्यातील शब्दयोजना या बाबतीत जवळपास तीच आहे. इतके असूनही पागडीच्या खोलीच्या वाटण्या लिहिलेली मृत्युपत्रे आजही होतात, आणि ती करून देणारे लेखनिक आईवडिलांना सावध करत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. कुटुंबाला तडजोड हवी असेल तर वडिलांच्या हयातीतच सर्वांनी बसून, राहणाऱ्या भावाने इतरांना काय द्यायचे हे ठरवावे.

वास्तव्याची दुसरी बाजू कुलपाची आहे. उपनगरात मोठे घर घेऊन गेलेली पुष्कळ कुटुंबे गिरगावातली खोली ‘राहू दे, पुढे पुनर्विकास होईल’ म्हणून बंद ठेवतात आणि गणपतीत चार दिवस उघडतात. पण योग्य कारणावाचून सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर घरमालक तेवढ्या आधारावर ताबा मागण्यासाठी लघुवाद न्यायालयात दावा लावू शकतो. दर महिन्याचे भाडे वेळेवर भरल्याने हा धोका टळत नाही. खोलीत कोणा ओळखीच्याला परस्पर पैसे घेऊन ठेवणे तर त्याहून वाईट, कारण पोटभाडेकरू ठेवणे हे ताबा मागण्याचे स्वतंत्र कारण आहे. म्हणून ज्यांना खोली टिकवायची आहे त्यांच्यापैकी कोणीतरी तिथे खरोखर राहावे, असे माझे ठाम मत आहे.

याच्या उलट गल्लत करणारेही भेटतात. त्यांना पागडी म्हणजे अकरा महिन्यांचा करार वाटतो आणि घरमालक केव्हाही बाहेर काढील अशी धास्ती असते. ती निराधार आहे. अकरा महिन्यांच्या करारात राहण्याची केवळ परवानगी असते आणि मुदतीबरोबर ती संपते. पागडीचा भाडेकरू कायद्याने दिलेल्या ठराविक कारणांखेरीज हलवता येत नाही.

‘आमची इमारत म्हाडाची आहे’ हेही असेच एक चुकीचे वाक्य. भाडी गोठल्यामुळे घरमालकांनी दुरुस्त्या सोडून दिल्या, तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या जुन्या खाजगी इमारतींवर त्यासाठी उपकर बसला. हे मंडळ आता म्हाडाचा भाग आहे. ते दुरुस्ती करते म्हणून इमारत त्याची होत नाही. मालक खाजगीच राहतो.

पागडीची मालकी होते ती पुनर्विकासात. उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधली जाते तेव्हा पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर विनामूल्य आणि मालकी हक्काने मिळते. ही पात्रता मंडळाने प्रमाणित केलेल्या यादीवरून ठरते आणि १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेले भाडेकरू त्यासाठी मोजले जात नाहीत. यादीसाठी पाहणी होते तेव्हा खोलीत कोण राहते हेच विचारले जाते. नव्या घराचा करार नोंदला गेल्यानंतर मात्र वडिलांनी तीन वाटे लिहून ठेवले, तर ते मृत्युपत्र चालेल.