आमिना म्हणजे अमीना नव्हे

'अमीना' या नावाचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही. अमानत, इमान, बेइमान हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत आणि त्याच कुळातला 'अमीन', म्हणजे विश्वासू, हा शब्द स्त्रीलिंगी झाला की 'अमीना' होतो. मक्केतील लोक मुहंमद पैगंबरांना 'अल्-अमीन' म्हणत, हेही पुष्कळांना ठाऊक असते. चूक होते ती यापुढे. पैगंबरांच्या आईचे नाव अमीना आणि अर्थ 'विश्वासू', असे बेधडक लिहिले जाते आणि बाळाच्या नावांच्या याद्या तेच एकमेकींतून उतरवून घेतात. त्या मातेचे नाव आमिना बिन्त वहब होते, आणि आमिना म्हणजे सुरक्षित, निर्भय, जिला कशाचेही भय नाही अशी.

दोन्ही नावांचा धातू एकच आहे, हे खरे. पण रक्षिता आणि रक्षिका एका धातूतून आल्या म्हणून आपण त्यांना समानार्थी मानत नाही. अरबीत तर धातू कोणत्या साच्यात बसवला आहे, यावर अर्थ फार अवलंबून असतो. आमिना हे फातिमा, खालिदा, राशिदा यांच्या साच्यातले नाव आहे, तर अमीना हे जमीला, करीमा यांच्या. हे शब्द जोडीने मोठ्याने म्हणून पाहिले, तर दीर्घ स्वराची जागा कानालाच कळते. कुराणाच्या 16व्या सूरेत (आयत 112) एका नगरीला 'आमिना' म्हटले आहे, ते ती भयमुक्त होती म्हणून. आणि 28व्या सूरेत (आयत 26) मूसा पैगंबरांना चाकरीत ठेवावे असे वडिलांना सुचवणारी मुलगी त्यांना बलवान आणि 'अमीन' म्हणते, ते ते विश्वासू आहेत म्हणून. 95व्या सूरेत मक्केला 'अमीन' नगर म्हटले आहे आणि तेथे अर्थ सुरक्षित असाच होतो. मात्र त्यावरून आमिनाचा अर्थ विश्वासू ठरत नाही.

उर्दूतील 'आमना' हे आमिनाचेच रूप आहे, केवळ मधला स्वर गळालेला.

रोमन लिपीत दोन्ही नावे बहुधा एकसारखीच लिहिली जातात, त्यामुळे तेथील घोटाळा मी समजू शकतो. देवनागरीत ऱ्हस्वदीर्घ दाखवण्याची सोय असताना 'अमिना' असे दोन्हीकडून अपुरे रूप छापणे मला मान्य नाही. अपवाद एकच: एखादी स्त्री स्वतःचे नाव तसे लिहीत असेल, तर तिचे लेखनच प्रमाण मानावे.